चौसष्ट वजा चौतीस

गेल्या शनिवारी आमच्या टीममधले पाच जण घरी जेवायला आले होते. बाहेर पाऊस, बायको माहेरी, आणि मला धड येणारा पदार्थ एकच: मसालेभात. तो संपला, मठ्ठा संपला, आणि 'सर, काहीतरी हलकंफुलकं लावा ना' अशी फर्माईश झाली. मी 'चीनी कम' लावला. २००७ चा सिनेमा. ही मंडळी तेव्हा बालवाडीत, फार तर पहिलीत असणार. अमिताभ आहे, तब्बू आहे, लंडन आहे, खाणंपिणं आहे, इलयाराजाचं संगीत आहे. म्हटलं, यात कुणाला काय खुपणार?

खुपलं. एकजण विसाव्या मिनिटाला फोनमध्ये शिरला तो शेवटपर्यंत बाहेर आलाच नाही. दुसरा म्हणाला, 'क्रीपी आहे, सर.' तिसऱ्याला इंटरव्हलपर्यंत भारी वाटला आणि मग जांभया यायला लागल्या. चौथी 'कसला वेगळा आहे ना!' म्हणून खूश. पाचवी काहीच बोलली नाही. तिने एक प्रश्न विचारला, तो मी शेवटी सांगतो, कारण हा सगळा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय.

मग दीड तास वाद झाला. आणि वाद ऐकताना मला एकदम जाणवलं की हे सगळं आपण आधी ऐकलंय. जवळजवळ शब्दशः. २००७ च्या जूनमध्ये, कंपनीच्या कँटीनमध्ये, पोहे खाताना. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, नोकरीला वर्षही झालं नव्हतं, आणि बॅचमधल्या आठ जणांबरोबर हा सिनेमा बघून आलो होतो. तेव्हाही दोन जण 'शी', दोन जण 'सही', बाकीचे 'सेकंड हाफ बोअर'. इतक्या वर्षांत फोन बदलले, भाषा बदलली, 'शी'चं 'क्रीपी' झालं. प्रेक्षक तोच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुद्धदेव गुप्ता हा लंडनमधल्या एका नामांकित भारतीय रेस्टॉरंटचा मालक आणि मुख्य शेफ. वय ६४, लग्न केलेलं नाही, तोंड अत्यंत खवट, स्वयंपाकघरात हुकूमशहा. घरी म्हातारी आई (झोहरा सेहगल, दुसरं कोण?). नीना वर्मा, वय ३४, दिल्लीहून लंडनला आलेली. ती त्याच्याकडचा हैदराबादी जाफरानी पुलाव गोड आहे म्हणून परत पाठवते. हा माणूस बाहेर येऊन तिचा जाहीर पाणउतारा करतो. ती दुसऱ्या दिवशी स्वतः केलेला पुलाव पाठवते. मग कळतं की याच्याच स्वयंपाकघरात मिठाऐवजी साखर पडली होती. तिथून छत्र्या, पाऊस, टोमणे, आणि प्रेम. पुढे दिल्लीला तिच्या वडिलांकडे जायचं. वडील ओमप्रकाश (परेश रावल) गांधीवादी, वय ५८. म्हणजे होणाऱ्या जावयापेक्षा सहा वर्षांनी लहान! ते सत्याग्रहाला बसतात. शेवटी मानतात. जाहिरातक्षेत्रातल्या आर. बाल्की यांचा हा पहिला सिनेमा, २५ मे २००७ ला लागला.

आता मुद्दा. या सिनेमावर मतं वेगवेगळी आहेत याला माझी काहीच हरकत नाही. माझी हरकत अशी आहे की यातली बरीचशी मतं सिनेमावरची नाहीतच. ती मतं चौसष्ट वजा चौतीस बरोबर तीस या वजाबाकीवरची आहेत. आणि ती वजाबाकीही आपण निवडून निवडून करतो.

पहिला गट: 'शी!'

यांचं म्हणणं सरळ आहे. बापाच्या वयाचा माणूस, लेकीच्या वयाची मुलगी, बघवत नाही. ठीक. आता जरा कॅलेंडर बघू.

'चीनी कम' लागला २५ मे ला. बरोबर तीन आठवड्यांनी, १५ जून २००७ ला, 'शिवाजी: द बॉस' लागला. आमच्या कँटीनमध्ये त्याची कोण क्रेझ! चेन्नईच्या टीमनं तर पहिल्या दिवसाची सामूहिक रजा टाकली होती. त्यात रजनीकांत हा अमेरिकेहून परत आलेला सॉफ्टवेअरवाला (आपलाच माणूस!) आणि नायिका श्रिया सरन. रजनीकांतचा जन्म १९५०, श्रियाचा १९८२. करा वजाबाकी. 'चीनी कम'मधल्या तीसपेक्षा जास्तच येते. आणि गंमत म्हणजे 'शिवाजी'त नायिकेकडून अडचणी निघतातच. नायक काळा आहे यावरून विनोद होतो, पत्रिका जुळत नाही यावरून गाडी अडते. रंग चालतो, पत्रिका चालते, पण वयाचा 'व'सुद्धा कुणी काढत नाही. थिएटरमध्ये शिट्ट्या. कँटीनमध्ये एकही 'शी' नाही.

आणखी एक, घरचंच उदाहरण. 'सूर्यवंशम', १९९९. सेट मॅक्सनं तो इतक्या वेळा दाखवला की हीरा ठाकूर आपल्या नात्यातला वाटायला लागला. त्यात अमिताभ साठीच्या उंबरठ्यावर आणि राधा झालेली सौंदर्या त्याच्याहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान. तोच अमिताभ, तेवढंच अंतर! आपण आजीपासून भाच्यापर्यंत सगळे मांडी घालून तो बघितलाय, विषाच्या खिरीवर विनोद केलेत. 'हा नवरा हिला शोभत नाही' असं कुणी म्हटल्याचं आठवतंय? आणखी मागे जायचं तर १९७८ चा 'देस परदेस' घ्या. देव आनंद पंचावन्नच्या घरात, टीना मुनीम एकवीस. त्याला तर आपण 'सदाबहार' म्हणून डोक्यावर घेतलं.

मग 'चीनी कम'चा गुन्हा नेमका काय? त्यानं आकडा मोठ्यानं सांगितला. बाकीचे सिनेमे म्हणतात, 'हा हीरो पंचवीस वर्षांचा आहे असं समजा.' आपण समजतो. कलप, ओढलेलं पोट, जाड मेकअप, सगळ्याला माफी. बाल्की म्हणतो, 'हा चौसष्ट वर्षांचा आहे, दाढी पांढरी आहे, गुडघ्यांचं काही खरं नाही. आता बोला.' आणि आपण बोलतो, 'शी!'

त्या झाडाचा प्रसंग आठवा. पार्कात ती त्याला सांगते, त्या झाडापर्यंत पळत जाऊन परत या. तो बिचारा धापा टाकत येतो, आणि मग आपल्याला आणि त्यालाही उशिरा कळतं की ही परीक्षा कसली होती. म्हातारपण, शरीर, इच्छा, सगळं एका विनोदात उघड मांडून टाकलंय. हिंदी सिनेमात नायकाच्या दमाबद्दल असा प्रश्न नायिकेनं विचारल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. जो सिनेमा आपल्या नायकाचं वय लपवतो तो आपल्याला 'रोमँटिक' वाटतो आणि जो ते उघड्यावर मांडून त्यावर हसतो तो 'विकृत'. म्हणजे आपल्याला अंतर खुपत नाही, अंतर दिसलेलं खुपतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये रामगोपाल वर्माचा 'निःशब्द' येऊन पडला होता. अमिताभ साठीचा आणि मुलगी अठराची, मुलीची मैत्रीण. बऱ्याच लोकांनी 'चीनी कम'ला त्याच गोणीत भरलं. एक अठरा वर्षांची, घरी पाहुणी आलेली पोर. दुसरी चौतीस वर्षांची, स्वतःचं डोकं असलेली बाई. हा फरक ज्याला दिसत नाही त्यानं वयाबद्दल बोलूच नये, कारण त्याला वय म्हणजे काय तेच कळलेलं नाही.

हां, आता लोक निदान विचारायला लागलेत, हे कबूल. २०२५ मध्ये 'सिकंदर'च्या वेळी सलमान आणि रश्मिकामधल्या तीस वर्षांवरून त्याला जाहीर प्रश्न विचारला गेला. चांगलंय. उशिरा का होईना, वजाबाकी सगळ्यांना सारखी लागू झाली तर माझी तक्रार नाही.

दुसरा गट: 'हा तर जरठ-कुमारी विवाह!'

हे खास आपलं, मराठी. २००७ मध्ये आमच्या एका सीनियरनं कँटीनमध्ये थेट 'संगीत शारदा' काढलं होतं. 'देवलांनी १८९९ साली जे सांगितलं ते तुम्हाला अजून कळलेलं नाही का?' असा त्यांचा सवाल. तेव्हा मी गप्प बसलो. (सीनियर अप्रेझलला होते.) आता उत्तर देतो.

'शारदा' हे नाटक वयाच्या फरकावर आहे असं समजणं म्हणजे नाटक न वाचताच त्याच्या नावाने टाळ्या वाजवणं. भुजंगनाथ म्हातारा आहे हे खरं, पण खरा राक्षस तो नाहीच. खरा राक्षस म्हणजे पैशासाठी पोटची पोर विकायला काढणारा बाप, कांचनभट. आणि खरी शोकांतिका ही की शारदेला कुणी विचारतच नाही. चाळीसेक वर्षांनी, १९३७ मध्ये, प्रभातनं इथेच पुण्यात 'कुंकू' काढला. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून, शांतारामबापूंचा. त्यातली शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलं म्हणून ते लग्न मानायलाच नकार देते. तिचा संतापही केशवराव दात्यांच्या पांढऱ्या केसांवर नाही. तिला न विचारता तिचा निकाल लावला गेला, यावर आहे. (जाता जाता: १९२९ चा 'शारदा कायदा' आपण सर्रास या नाटकाशी जोडतो. तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा, 'सारडा कायदा'. असो.)

आता नीना वर्माकडे या. तिला कुणी विकलेलं नाही, फसवलेलं नाही. उलट पहिला पुलाव तिने परत पाठवलाय, झाडापर्यंत पळायला तिने लावलंय, होकार तिने दिलाय. या गोष्टीत बाईला न विचारता तिच्या लग्नाचा निकाल लावू बघणारा एकच माणूस आहे: तिचा बाप. म्हणजे देवलांची कसोटी लावायचीच असेल तर ती आपल्या सीनियरसाहेबांच्याच अंगाशी येते. 'शारदा'चा धडा 'म्हाताऱ्यानं लग्न करू नये' एवढाच घेतला तर तो अर्धा घेतला. अख्खा धडा 'बाईला विचारा' हा आहे. आपण अर्धा पाठ केला, कारण तो सोपा होता.

तिसरा गट: 'वेगळा आहे बुवा!'

हे माझे मित्र, पण यांचा मला पहिल्या गटाहून जास्त राग येतो. दोन हजारच्या दशकात मल्टिप्लेक्सं आली, तिकीट दीडशेच्या घरात गेलं, आणि आपल्याला 'हटके' या शब्दाचा नाद लागला. नाचगाणी कमी, इंग्लिश जास्त, शेवटी कुणी कुणाला मारत नाही, म्हणजे हटके. हटके म्हणजे चांगला. तो आवडला म्हणजे आपणही हटके. एवढाच फंडा. शेजाऱ्यांच्या मुलीचं भरतनाट्यम बघून आपण 'छान हं' म्हणतो, त्या चालीवर हे लोक सिनेमा आवडून घेतात.

यांना विचारा, काय आवडलं? 'वेगळा विषय.' अरे पण विषय काय पुरणपोळी आहे का, वेगळा असला की झालं? 'चीनी कम'मध्ये आवडण्यासारखं बरंच नेमकं आहे. पी. सी. श्रीराम यांच्या कॅमेऱ्यानं लंडनचा पाऊस पोस्टकार्डासारखा न दाखवता ओल्या कोटाच्या वासासह दाखवलाय. इलयाराजानं स्वतःच्याच जुन्या दाक्षिणात्य चाली नव्यानं बांधल्यात आणि त्या इतक्या हलक्या हातानं वापरल्यात की त्या मागून येऊन खांद्यावर हात ठेवतात. आणि तब्बू! बुद्धदेवला वाक्यं आहेत, शंभर वाक्यं आहेत. नीनाला गप्प बसणं आहे. बच्चनसमोर गप्प बसून प्रसंग खिशात घालणं हे काय काम आहे ते कुठल्याही नटाला विचारा.

'वेगळा' या शब्दानं हे सगळं झाकून जातं. शिव्या देणाऱ्यानं निदान आकडा तरी पाहिला. या गटानं सिनेमाकडे पाहिलंच नाही, सिनेमा बघणाऱ्या स्वतःकडे पाहिलं.

चौथा गट: 'इंटरव्हलपर्यंत ठीक'

हा गट मात्र बरोबर आहे. मी २००७ मध्ये यांच्याशी जीव तोडून भांडलो होतो. आज माघार घेतो. बग खरा आहे, रिपोर्ट मंजूर.

आधी किरकोळ. शेजारची नऊ वर्षांची, रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेली मुलगी, आणि तिचं नाव ठेवलंय 'सेक्सी'. स्विनी खरानं काम सुंदर केलंय, पण ते नाव तेव्हाही जड गेलं होतं आणि आता तर ऐकवत नाही. जाहिरातवाल्यांना कधी कधी चमकदार आणि बरं यातला फरक कळत नाही.

मग मधलं. समजा नीना चौसष्टची असती आणि बुद्धदेव चौतीसचा, तर सिनेमा निघाला असता का? आमच्या पोरांनी हा प्रश्न टाकला आणि तो रास्त आहे. उत्तर: नसता निघाला. 'दिल चाहता है'मध्ये (२००१) तारा वयानं मोठी होती, तर शेवटी तिला मारून प्रश्न मिटवला. म्हणजे आकडा मोठ्यानं सांगायची हिंमत बाल्कीनं केली, पण बेरजेच्या सोयीस्कर बाजूनं. आणि खुद्द तब्बूचं काय झालं बघा. २०१९ मध्ये 'दे दे प्यार दे' आला. नायक पन्नाशीचा, प्रेयसी सव्वीसची, आणि तब्बू कोण? मागे सोडलेली, नायकाला वयानं शोभणारी बायको. आकडा त्यांनीही उघड सांगितला होता, हे मान्य. पण बारा वर्षांत बाईला टेबलाच्या या बाजूवरून त्या बाजूला बसवलं, आणि नायकाची खुर्ची मात्र तिथेच.

आता मुख्य. दिल्लीत गेल्यावर सिनेमा घाबरतो. इतका वेळ ज्या धीटपणानं आकडा मांडला, त्या आकड्यावर एक खरा प्रश्न उभा राहतो आणि तो विचारायचा हक्क फक्त ओमप्रकाशला आहे. तो प्रश्न 'लोक काय म्हणतील' हा नाही. 'वीस वर्षांनी तू नसशील, तेव्हा माझ्या मुलीचं काय?' हा आहे. साधा, कडू, बापाचा प्रश्न. सिनेमानं काय केलं? प्रश्न विचारणाऱ्यालाच विदूषक केलं. उपोषण, शेजारीपाजारी, हसा लेको हसा. आणि हसून भागेना तेव्हा त्या छोट्या मुलीला मरू दिलं, म्हणजे बुद्धदेवच्या दुःखापुढे सगळ्यांनी गप्प व्हावं. मरण हे वाद जिंकायचं साधन नसतं. ज्या लेखकाला उत्तर सापडत नाही तो कुणाला तरी मारतो, हा आपल्या सिनेमाचा फार जुना शॉर्टकट. पहिल्या तासात इतकं खरं बोलणाऱ्या सिनेमाकडून तो अपेक्षित नव्हता.

आणि आता ती पाचवी. वादाच्या शेवटी, चपला घालताना, ती म्हणाली, 'सर, पण त्या बाबांचं चुकलं काय? माणसाला आपल्या माणसाची काळजी वाटणारच ना?'

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. लिफ्ट आली. ती गेली.

तिला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो.

आई २०१३ मध्ये गेली. २०१६ च्या पावसाळ्यात एका रविवारी बाबांनी मला चहाला बोलावलं. बाबा तेव्हा पासष्ट. रोज सकाळी तळजाईवर फिरायला जायचे, तिथे त्यांचा एक ग्रुप होता. त्यातल्या एका बाईंबद्दल बाबा आधीही बोलले होते. वय एक्कावन्न, एकट्या, बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. चहा होईपर्यंत बाबा इकडचं तिकडचं बोलले आणि मग कपाकडे बघत म्हणाले, 'आम्ही दोघं लग्नाचा विचार करतोय. तुझं मत हवंय.'

पासष्ट वजा एक्कावन्न, चौदा. 'चीनी कम'च्या निम्म्याहून कमी. आणि मी कोण? कँटीनमध्ये त्या सिनेमासाठी सीनियरशी भांडायच्या बेतात असलेला, पुढारलेला, पुरोगामी वगैरे.

मी नाही म्हटलं नाही. 'नाही' म्हणण्याइतका मी जुनाट नव्हतो ना! मी प्रश्न विचारले. फ्लॅट कुणाच्या नावावर राहील? मेडिक्लेममध्ये त्यांचं नाव घालता येईल का? तुमचं बीपी? उद्या त्या आजारी पडल्या तर तुम्ही करणार का? एकेक प्रश्न अगदी वाजवी, बघायला गेलं तर. काळजीचाच. 'बघू, घाई काय आहे' असं म्हणून मी निघालो. पुढच्या आठवड्यात फोन केला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं. दिवाळीला 'रिलीज आहे' म्हणून गेलो नाही. (रिलीज होती. नेहमीच असते.)

मधे एकदा त्या बाईंनी बाबांबरोबर आमच्याकडे आवळ्याच्या सुपारीचा डबा पाठवला होता. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नाही तर चार दाणे साखरेचे घालतात. मी तो घासून, पुसून, रिकामा परत दिला. मुद्दाम दिला का? तेव्हा स्वतःला सांगितलं, विसरलो. साखर नव्हती का घरात? होती.

डिसेंबरात बाबा म्हणाले, 'तो विषय संपला.' बस एवढंच. आता ते तळजाईवर जात नाहीत. सोसायटीच्या बागेत दहा फेऱ्या मारतात, मोजून. पंचाहत्तरीत आहेत. त्या बाईंचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी त्यांना एकदाच, पाच मिनिटं भेटलो. त्यांना काय हवं होतं हे मी कधी विचारलंच नाही. बघा: 'शारदा'वर एवढं व्याख्यान झोडणारा मी, आणि देवलांची साधी कसोटी घरात लावायची वेळ आली तर नापास.

न्यायमूर्ती रानड्यांवर आपण आजही टीका करतो. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस, आणि १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर एकतिसाव्या वर्षी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करून मोकळा झाला. पण तिथे निदान मुलगा बापापुढे झुकला होता. आमच्याकडे बाप मुलापुढे झुकला. दीडशे वर्षांत प्रगती झाली ती एवढीच.

म्हणून माझं त्या पाचवीला उत्तर असं. त्या बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. चुकलं हे की त्यांनी तो उत्तरासाठी विचारला नव्हता, अडवायला विचारला होता. काळजी आणि नकार यांचे शब्द तेच असतात. फरक एकच: काळजीवाला माणूस उत्तर ऐकायला थांबतो. आणि ओमप्रकाश वर्मा निदान उपाशी तरी राहिला. सगळ्यांसमोर बसला, हसं करून घेतलं, शेवटी मानला. मी दोन्ही वेळ व्यवस्थित जेवून सत्याग्रह केला, आणि जिंकलो. मी विदूषक दिसलो नाही, कारण आम्ही शिकलेले लोक उपोषणाला बसत नाही. आम्ही फोन करणं कमी करतो.

तेव्हा मंडळी, 'चीनी कम' आवडू दे, नावडू दे. सेकंड हाफ खरंच ढिला आहे. पण मत देण्याआधी एकदा तपासा की ते मत पडद्यावरच्या गोष्टीवर आहे की एका आकड्यावर. आकड्यावर असेल तर तो आकडा 'शिवाजी'लाही लावा, 'सूर्यवंशम'लाही लावा. आणि जमलं तर, कधी वेळ आलीच, तर घरच्या चहाच्या टेबलावरही लावून बघा. थिएटरात 'सही आहे यार' म्हणायला दीडशे रुपये लागतात. घरी म्हणायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

बाबांना जुने सिनेमे आवडतात. परवा फोनवर विचारत होते, काही चांगलं सुचव, रविवारी बघतो. मी त्यांना दोन-तीन नावं सांगितली. 'चीनी कम'चं नाव तोंडावर आलं होतं. नाही सांगितलं.

उद्या रविवार आहे. बघू.